गाडी तुमची, विमा कोणाचा? बेताच्या बजेटमध्ये जुनी स्पोर्ट्स कार

(मोटार विम्याचे सर्व्हेअर म्हणून काम करणाऱ्या एका वक्त्यांच्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर छापून आलं तेव्हा आमच्या घरी सगळे हसले. कारण माझी स्वतःची गाडी चौदा वर्षांची वॅगन-आर आहे. (हशा) पण पंचवीस वर्षं मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. म्हणजे अपघात झालेली गाडी बघायची, नुकसान मोजायचं आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा. त्यामुळे वेगवान गाड्या मी भरपूर पाहिल्यात, फक्त त्यांच्या वाईट दिवशी पाहिल्यात एवढंच.

सुरुवात माझ्या भाच्यापासून करतो. मागे दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, गाडी मिळाली! पोलो जीटी टीएसआय. आठ वर्षांची आहे, पण एकदम कडक. ४ लाख ७५ हजार म्हणतोय. माझ्याकडे पाच आहेत. आणि विमा एप्रिलपर्यंत भरलेला आहे, म्हणजे तो खर्चच नाही."

मी म्हटलं, "अरे, टोकन देऊ नकोस. रविवारी घरी ये."

त्याच्या बोलण्यात दोन चुका होत्या. पाच लाखांत पावणेपाचची गाडी बसते, ही पहिली. विमा भरलेला आहे म्हणजे तो आपल्याला मिळाला, ही दुसरी. पहिली चूक खिशाला लागते. दुसरी कधीकधी माणसाला पुरती बुडवते. आज या दोन्हींबद्दल बोलू.

स्पोर्ट्स कार म्हणजे नेमकं काय?

दोन दारं, दोन सीट, उघडं छप्पर, अशी गाडी आपल्याकडे जुनी मिळतेच. जर्मन कंपन्यांच्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या टू-सीटर कधीकधी नव्या हॅचबॅकच्या भावात दिसतात आणि माणूस हरखून जातो. गाडीची किंमत उतरलेली असते, तिच्या सुट्या भागांची उतरलेली नसते. नवी असताना साठ लाखांची असलेली गाडी आज सहा लाखांत मिळाली, तरी तिचा हेडलाइट साठ लाखांच्या गाडीचाच असतो. शिवाय पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग करावं लागतं, आणि तेही पाच-पाच वर्षांसाठी. बजेट बेताचं असेल तर या वाटेला जाऊ नका. पोस्टर भिंतीवर लावा.

आपल्या बजेटमध्ये येते ती साध्या अंगाची, पण चपळ इंजिनाची गाडी. तरुण मंडळी तिला हॉट हॅच म्हणतात. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, १.२ लिटर टर्बो, १०५ अश्वशक्ती. फियाटची अबार्थ पुंटो २०१५ ची, १.४ लिटर टर्बो, १४५ अश्वशक्ती, आजही तिचे भक्त आहेत. बलेनो आरएस, टियागो जेटीपी, आय-ट्वेंटी एन लाइन या सगळ्या त्याच कुळातल्या. यातल्या काही आता बनतच नाहीत. फियाटनं तर भारतात गाड्या विकणंच थांबवलं. म्हणून गाडीवर प्रेम बसण्याआधी शहरात एक चक्कर मारा. तिचं काम करणारा माणूस कोण आहे आणि बंपर, हेडलाइट, क्लच किती दिवसांत मिळतात, एवढं विचारून या. भाग यायला दोन महिने लागणार असतील, तर ती गाडी वर्षातले दोन महिने गॅरेजमध्येच राहणार असं समजा.

पाच लाखांत किती रुपयांची गाडी येते?

रविवारी भाचा आला. मी कागद घेतला आणि वर ५,००,००० लिहून खाली वजाबाकी करत गेलो.

चार टायर, २६ हजार. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. त्यानं फोटो आणले होते, टायर सहा वर्षांचे निघाले. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक झालेलं. वेगवान गाडीत हा खर्च पुढे ढकलायचा नसतो. नंतर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, ब्रेक पॅड, फिल्टर हे सगळं एकदा बदलणं, २० हजार. स्वतःच्या नावानं विमा, १८ हजार धरले. आरटीओ फी, एजंट, किरकोळ, ६ हजार. आणि शेवटी राखीव ७० हजार.

"हे सत्तर कशाला?" भाच्यानं विचारलं.

त्या गाडीत सात गिअरचा ड्राय-क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. चालतो तेव्हा लोण्यासारखा चालतो. पण त्याचं मेकॅट्रॉनिक नावाचं युनिट नाजूक म्हणून ओळखलं जातं, आणि ते गेलं तर बिल लाखाच्या घरात जातं. प्रत्येक वेगवान गाडीत असा एक महागडा अवयव असतोच. कुठे गिअरबॉक्स, कुठे टर्बो, कुठे फ्युएल पंप. तो कोणता हे आधी शोधायचं आणि त्याच्या नावानं पैसे बाजूला ठेवायचे. आणि एक लक्षात घ्या, गिअरबॉक्स आपोआप खराब झाला तर साध्या पॉलिसीत त्याचा एक रुपया मिळत नाही. विमा अपघाताचा, चोरीचा, आगीचा, पुराचा असतो. झिजेचा आणि बिघाडाचा नसतो.

बेरीज झाली १ लाख ४० हजार. उरले ३ लाख ६० हजार. म्हणजे पाच लाखवाल्यानं ३ लाख ६० हजारांची गाडी शोधायची. माझ्या आकड्यांत तुमच्या गावाप्रमाणे फरक पडेल, पण रीत हीच ठेवा. कर्ज काढणार असाल तर आणखी जपून. जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्या गाडीपेक्षा सहसा जास्त असतं, आणि गिअरबॉक्स गेला तरी हप्ता चुकत नाही.

गाडी बघताना मी काय बघतो

गाडी बघायला दिवसा जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर गाडी आधी चालवून ठेवली आहे. थंड इंजिन सुरू होताना जे खरं बोलतं, ते गरम झाल्यावर बोलत नाही. निळसर धूर निघाला तर ऑइल जळतंय. टर्बो गाडीत ही चिन्हं मनावर घ्यायची.

मग अपघाताच्या खुणा. सगळ्या काचांवर कंपनीचा शिक्का आणि वर्षाची खूण असते. पाच काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळ्या वर्षाची असेल, तर ती का बदलली ते विचारा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा. तळाशी कापडी लेबलवर तारीख असते. ती गाडीपेक्षा नवी असेल तर बेल्ट बदललाय, आणि बेल्ट सहसा एअरबॅग उघडल्यानंतरच बदलतात. त्याच वेळी बेल्टचा वास घ्या. पुरात बुडालेल्या गाडीचं सगळं धुता येतं, पण बेल्टच्या गुंडाळीत आत गाळाची रेघ राहते. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटच्या रुळांचे बोल्टही बघा. २००५ च्या जुलैनंतर मुंबईत आणि २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते आपण पाहिलंय. त्यातल्या सगळ्या काही भंगारात गेल्या नाहीत.

स्कॅनर लावून घ्याच. दोष दिसला तर उत्तमच, बोलायला मुद्दा मिळाला. पण दोष एकही नाही आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्या मात्र अपूर्ण दाखवतोय, तर जुने दोष नुकतेच पुसले असण्याची दाट शक्यता आहे. रोज वापरातल्या गाडीत सहसा तसं दिसत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक युक्ती सांगतो. विकणाऱ्याकडे चालू पॉलिसीची प्रत मागा आणि त्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबीचा आकडा बघा. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २० टक्के मिळतो, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. क्लेम घेतला की पुन्हा शून्य. आता समजा, मालक सांगतोय की मी पहिलाच मालक, आठ वर्षं गाडी वापरतोय, कधी ओरखडासुद्धा नाही. आणि पॉलिसीवर एनसीबी आहे २० टक्के! मग त्याला चहा पाजून शांतपणे विचारा, दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं? (हशा) कधीकधी कारण साधं निघतं. पॉलिसी संपून ९० दिवसांच्या वर गेले, तरी बोनस जातो. पण विचारल्याशिवाय सोडू नका.

विमा गाडीबरोबर येत नाही

आता आजच्या मूळ मुद्द्याकडे येतो. एक प्रकरण सांगतो, नावगाव सांगत नाही.

चोवीस वर्षांचा मुलगा. पहिली नोकरी. जुनी, अशीच चपळ गाडी घेतली. आरसी एजंटनं महिनाभरात त्याच्या नावावर करून दिली. पॉलिसी चालू होती, सात महिने शिल्लक होते, पण ती पहिल्या मालकाच्या नावावर. गाडी घेतल्यापासून ४१ व्या दिवशी, पावसात, वळणावर गाडी घसरली. समोरून येणाऱ्या मोटारसायकलला धक्का देऊन कठड्यावर आदळली. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. याला फारसं लागलं नाही. गाडीचं नुकसान मी मोजलं ते २ लाख ८० हजार.

अहवालात जे आहे ते लिहावं लागतं. अपघाताच्या दिवशी गाडीचा मालक एक आणि पॉलिसीधारक दुसरा. कंपनीनं गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला. मोटारसायकलवाल्याची भरपाई मात्र त्याच पॉलिसीतून मिळाली.

मुलाचा मला फोन आला. चिडला नव्हता. एवढंच विचारलं, "सर, पण प्रीमियम भरलेला होता ना?"

त्या दिवशी मला त्याला नीट समजावून सांगता आलं नाही. आज सांगायचा प्रयत्न करतो.

आपण जी पूर्ण पॉलिसी घेतो, तिच्या पोटात दोन वेगळे विमे असतात. एक थर्ड पार्टीचा. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, दुखापत झाली, त्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हा कायद्यानं सक्तीचा आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १४६. तो रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे, म्हणून गाडी विकली तरी तुटत नाही. कलम १५७ सांगतं की गाडीची मालकी बदलली की तो विमाही नव्या मालकाकडे गेला असं मानायचं.

दुसरा विमा तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ओन डॅमेजचा. हा कंपनी आणि एक विशिष्ट माणूस यांच्यातला करार आहे. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच स्पष्ट केलं की कलम १५७ ची ही सवलत थर्ड पार्टीपुरतीच आहे, स्वतःच्या नुकसानीला ती लागू नाही. यामागचं कारण साधं आहे. भरपाई ज्याचं नुकसान झालं त्याला मिळते. पहिल्या मालकानं गाडी विकून पैसे घेतले, आता तिचा चुराडा झाला तरी त्याचं काही गेलं नाही. गेलं ते नव्या मालकाचं, पण त्याच्याशी कंपनीचा करारच नाही. ज्याचा करार आहे त्याचं नुकसान नाही, आणि ज्याचं नुकसान आहे त्याचा करार नाही. मधल्या मध्ये २ लाख ८० हजार गेले.

मग करायचं काय? व्यवहार झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे लेखी अर्ज करायचा. विक्रीचा पुरावा जोडायचा, तुमच्या नावानं नवा प्रस्ताव अर्ज भरायचा, किरकोळ फी असते ती द्यायची. आणि जुन्या मालकाच्या एनसीबीचा फरक भरायचा, कारण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तो त्याच्याबरोबर त्याच्या पुढच्या गाडीला जातो. बरेच जण म्हणतात, आधी आरसी हातात येऊ दे, मग बघू. आरसीला चौदा दिवसांपेक्षा जास्त लागू शकतात. आरटीओला भरलेल्या फॉर्मची पावती आणि विक्रीपत्र जोडून अर्ज आधीच टाका, ईमेलनं टाका म्हणजे तारीख राहते. आणि चौदा दिवस मिळतात म्हणून तेराव्या दिवसाची वाट बघू नका. अर्ज केलेला नसताना पाचव्या दिवशी अपघात झाला तर वाद होतोच. गाडी ताब्यात घ्याल त्याच दिवशी अर्ज करा.

असाच एक सापळा ऑनलाइन नूतनीकरणात आहे. गाडी नुकतीच घेतली, पॉलिसी संपत आली, मोबाइलवर नंबर टाकला की जुना ५० टक्के एनसीबी आपोआप दिसतो. मालक बदललाय का, असा प्रश्न तिथे येतो. 'नाही' म्हटलं की प्रीमियम कमी दिसतो आणि माणूस खूश होतो. पण ती खोटी माहिती झाली. वाचलेले दोन-तीन हजार क्लेमच्या दिवशी लाखांना पडतात.

आणि विकणाऱ्यांसाठीही एक शब्द. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. त्या गाडीचे मधे बरेच हात बदलले होते, नोंद मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली होती, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून कोरे कागद एजंटच्या हातात देऊ नका. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी डीलरला देत असाल तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदलेला आहे का बघा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी दिल्याची नोंद पोर्टलवर करता येते आणि तेव्हापासून जबाबदारी त्याच्यावर जाते.

पॉलिसी वाचायची कशी

लोकांना वाटतं स्पोर्ट्स कार म्हणजे विमा प्रचंड महाग. इंग्लंड-अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांना हा अनुभव येतो, तिथे चालवणाऱ्याचं वय आणि पत्ताही प्रीमियममध्ये धरतात. आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं आणि तो फक्त इंजिनाच्या सीसीवर आहे. जून २०२२ पासूनचे दर असे, हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे ३,४१६ आणि पंधराशेच्या वर ७,८९७, शिवाय जीएसटी. त्यामुळे गंमत होते. १.२ लिटरची पोलो जीटी मधल्या गटात येते, आणि तिच्यानंतर आलेली एक लिटर टर्बो पोलो ११० अश्वशक्तीची असूनही सर्वांत स्वस्त गटात बसते.

ओन डॅमेजचा प्रीमियम ठरतो तो गाडीचं वय, सीसी, नोंदणीचं शहर आणि आयडीव्ही यांवर. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर मिळायची जास्तीत जास्त रक्कम. पाच वर्षांपर्यंत ती ठरलेल्या घसाऱ्यानं कमी होते, त्यानंतर कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. इथे लोक प्रीमियम वाचवायला आयडीव्ही खाली आणतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. साडेतीन लाखांच्या गाडीचा आयडीव्ही दोन लाख लावलात तर दीड लाखाच्या बिलालाच ती रेघ येते. महागड्या भागांच्या गाडीत दोन एअरबॅग, दोन हेडलाइट आणि रेडिएटर म्हटलं की तेवढं होतंच. दुरुस्त होण्यासारखी, हौसेनं घेतलेली गाडी तुमच्या हातून जाते, आणि मिळतात दोन लाख.

मग घसारा. आठ वर्षं जुनी गाडी, झिरो डेप नाही. बिल झालं १ लाख २० हजार. त्यात प्लास्टिकचे भाग ६० हजारांचे, त्यावर ५० टक्के घसारा, मिळाले ३० हजार. पत्र्याचे भाग ४० हजारांचे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा, मिळाले २४ हजार. मजुरी २० हजार, ती पूर्ण. झाले ७४ हजार. त्यातून सक्तीची वजावट, पंधराशे सीसीपर्यंत एक हजार. हातात ७३ हजार, खिशातून ४७ हजार. क्लेम मंजूर होऊन ही स्थिती. झिरो डेप हे जोडकलम घेतलं तर यातला मोठा भाग वाचतो, पण बऱ्याच कंपन्या ते पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला देतात, काही सातपर्यंत. बजेट बेताचं असेल तर जास्त ताकदीच्या आठ वर्षांच्या गाडीपेक्षा थोडी कमी ताकदीची, चार वर्षांची गाडी बरी, असं मी म्हणतो ते यामुळे.

एक इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोडकलम असतं. आपल्याकडच्या पावसात ते घ्यावं. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर काही झालं तरी पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी आत असताना इंजिन फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साधी पॉलिसी म्हणते की हे नुकसान पुरानं नाही, तुम्ही केलं.

रीमॅप, सायलेन्सर वगैरे

या गाड्या बहुधा हौशी माणसाच्या हातून आलेल्या असतात. त्यानं कॉम्प्युटर रीमॅप केलेला असतो, सायलेन्सर बदललेला असतो, रुंद टायर टाकलेले असतात. विकणारा हे कौतुकानं सांगतो. तुम्ही ते खर्चाच्या बाजूला लिहा. ताकद वाढवली म्हणजे क्लच आणि टर्बो लवकर झिजणार. कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे कडकपणे सांगितलं. विमा घेताना हे बदल लपवलेत तर कंपनीला क्लेमच्या वेळी बोट ठेवायला जागा मिळते. व्यवहाराआधी गाडी मूळ स्थितीत आणून मागा, मूळ सायलेन्सर सोबत मागा. नसेल तर किंमत कमी करा.

क्रम लक्षात ठेवा

आधी परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते बघा. ई-चलन थकलंय का बघा. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मग तुमचा मेकॅनिक, तुमच्या पसंतीच्या गॅरेजचा रॅम्प. मग विम्याचा अंदाज, टोकन देण्याच्या आधी. मग पैसे, बँकेतून. त्याच दिवशी २९-३० चे फॉर्म, विक्रीपत्र आणि विमा कंपनीला अर्ज. लाँग ड्राइव्हला त्यानंतर निघायचं.

भाच्यानं ती पावणेपाच लाखांची गाडी सोडली. तीन महिने रुसला होता. मग ३ लाख ५५ हजारांची, मॅन्युअल गिअरची एक गाडी त्यानं घेतली. ताबा घेतला त्या दिवशी मला फोटो पाठवला. मला वाटलं गाडीचा असेल. तो विमा कंपनीच्या पोचपावतीचा होता. मामाला बरं वाटलं. (हशा)

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : दिल्लीच्या गाड्या खूप स्वस्त मिळतात. आणाव्यात का?

स्वस्त असण्याचं कारण तिथल्या जुन्या गाड्यांवरच्या वयाच्या बंधनात आहे, डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं. गाडी चांगली असू शकते. पण फॉर्म २८ ची ना-हरकत, इथला रोड टॅक्स, इथलं पासिंग, आणून सोडण्याचा खर्च, हे सगळं किमतीत मिळवा आणि मग तुलना करा. शिवाय तुमचा मेकॅनिक तिथे जाऊन गाडी बघणार का? नुसत्या फोटोंवर गाडी घेऊ नका.

प्रश्न : आम्ही काही मित्र कोइमतूरला ट्रॅकवर गाडी चालवायला जातो. विमा चालेल?

नाही. पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात बसत नाही. हौस करा, वेग ट्रॅकवरच काढावा हे मी आनंदानं सांगेन. पण तिथे जे मोडेल ते आपल्या खर्चानं, असं धरून जा. गाडी भाड्यानं दिलीत तरी तीच गोष्ट, खासगी पॉलिसी भाड्याला लागू नाही.

प्रश्न : फक्त थर्ड पार्टी घेतली तर? गाडी जुनीच आहे.

कायद्यानं चालतं. गाडी गेली तर ते नुकसान सोसायची तयारी आहे का, एवढंच स्वतःला विचारा. वडिलांच्या पैशातून किंवा कर्जातून गाडी घेतली असेल तर तयारी नसते. आणि थर्ड पार्टी घेतली तरी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आहे ना बघा. गाडीपेक्षा तो महत्त्वाचा.

प्रश्न : तुमच्या गोष्टीतल्या त्या मुलाचं पुढे काय झालं? त्याला दाद मागता आली असती का?

मागता येते. कंपनीनं नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात आणि मुंबईत कार्यालय आहे, फी नाही. ग्राहक आयोगही आहे. कंपनीची चूक असेल तिथे लोकांना न्याय मिळालेला मी पाहिलाय. पण त्याच्या प्रकरणात अर्जच केलेला नव्हता, ४१ दिवस होऊन गेले होते. त्यानं गाडी तशीच विकली आणि पुढची दोन वर्षं बसनं कामावर गेला. मधे एकदा भेटला, आता दुसरी गाडी घेतोय म्हणाला. मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "सर, पॉलिसी आधी माझ्या नावावर करणार."

इथेच थांबतो.